बैलाचा खांदा आणि रोवणीची कंबर : पाठीच्या उपचारांचा इतिहास

१/२४
पोळ्याच्या आदल्या सायंकाळी भंडारा जिल्ह्यातील गोठ्यांमध्ये एक छोटा विधी पार पडतो. बैलाच्या मानेचा आणि खांद्याचा जोड, जिथे वर्षभर जू टेकलेले असते, तो हळद आणि तूप लावून हलक्या हाताने चोळला जातो, त्याला शेक दिला जातो. या विधीला खांदशेकणी म्हणतात. विदर्भात पोळा श्रावण अमावास्येला येतो. तोपर्यंत धानाची रोवणी आटोपलेली असते आणि चिखलणीचे जड काम करून बैल थकलेला असतो. श्रमाने दुखावलेला नेमका अवयव ओळखून त्याची सेवा करणारे सण आपल्याकडे फार थोडे आहेत. खांदशेकणी त्यांपैकी एक.

२/२४
त्याच बांधीत, त्याच चिखलात, महिनाभर वाकून रोवणी केलेल्या बाईच्या कमरेची शेकणी कोण करीत होते? हा प्रश्न इतिहासाचा आहे. आज शहरांत ‘कायरोप्रॅक्टिक’चे फलक दिसतात, मान कडकन वाजवून दाखवणाऱ्या चित्रफिती घरोघरी पाहिल्या जातात आणि निरोगी सवयींचे सल्ले रोज कानी पडतात. पाठ कोणी बसवावी, रोज कोणता व्यायाम करावा, विश्रांती कोणाला मिळावी, या कल्पना कोठून आल्या आणि त्या कोणाच्या शरीराकडे पाहून घडल्या, याचा हा मागोवा. वाट भंडाऱ्याहून निघते आणि बडोदा, अमेरिका, औंध, लोणावळा व सेवाग्राम असा प्रवास करून भंडाऱ्यातच परतते.

३/२४
प्रथम भूमी. वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा हा तलावांचा आणि धानाचा प्रदेश. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने येथे तलाव बांधण्याची कला विकसित केली. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात राहिले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणजे बोलीत ‘मामा तलाव’ हे नाव मिळाले. तलावाच्या पाळीखालची सपाट, धुऱ्यांनी बांधलेली शेते म्हणजे बांध्या. पाण्याची खात्री नसेल तेथे धान सरळ फेकून पेरत, त्याला आवत्या म्हणतात. पाण्याची खात्री असेल तेथे पऱ्हे तयार करून रोप उपटायचे आणि एकेक रोवायचे. पीक अधिक येते, पण त्याची किंमत पाठीला मोजावी लागते.

४/२४
रोवणीचे शरीरशास्त्र पाहण्यासारखे आहे. पाय घोट्याच्या वर चिखलात रुतलेले, गुडघे जवळजवळ ताठ, धड कमरेतून पुढे झुकलेले. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताने रोप चिखलात खोवायचे आणि मागे सरकायचे. हे सकाळपासून सायंकाळपर्यंत, वरून पावसात. वाकलेल्या स्थितीत धडाचा सारा भार कमरेच्या खालच्या मणक्यांवर, त्यांमधील चकत्यांवर आणि स्नायुबंधांवर येतो. शिवाय स्थिती बदलत नसल्याने ताणलेल्या स्नायूंना पूर्ववत होण्यास अवकाश मिळत नाही. चिखलणी पुरुषांनी बैलजोडीच्या साहाय्याने करायची आणि रोवणी बायांनी हातांनी, ही विभागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

५/२४
१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि भंडारा ब्रिटिश महसूल व्यवस्थेत आले. बंदोबस्ताच्या कागदांत जमिनीची प्रत, तलावाचे पाणी, पीक आणि सारा यांची काळजीपूर्वक नोंद होऊ लागली. त्या कागदांचा हेतू महसूल हा होता. पीक उभे करणाऱ्या शरीराची झीज हा त्यांचा विषयच नव्हता. त्यामुळे पाठदुखीचा इतिहास शोधू पाहणाऱ्याला दप्तरखान्यातून बाहेर पडून इतरत्र पाहावे लागते : वैद्यकग्रंथांत, तालमीत, बाळंतिणीच्या खोलीत आणि बोलीभाषेतल्या शब्दांत.

६/२४
वैद्यकग्रंथांपासून आरंभ करू. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येवर स्वतंत्र अध्याय आहे. पहाटे उठणे, अंगाला नित्य तेल लावणे, व्यायाम, स्नान असा त्याचा क्रम. व्यायामाचे माप विशेष आहे : तो आपल्या निम्म्या शक्तीइतकाच करावा, आणि तोही मुख्यतः थंडीत व वसंतात. पुढील अध्याय ऋतुचर्येचा. त्यात पावसाळ्यात शरीराला आयास देऊ नये असे सांगितले आहे. सल्ला शहाणपणाचा आहे. परंतु रोवणी नेमकी पावसाळ्यातच येते आणि निम्म्या शक्तीवर थांबण्याची मुभा मजुराला कधीच नव्हती. ज्याचा वेळ त्याच्या हाती आहे, अशा माणसाला समोर ठेवून ही दिनचर्या लिहिली गेली होती.

७/२४
सुश्रुतसंहितेची दृष्टी याहून अधिक कामाची, कारण तिला मोडलेल्या हाडाशी सामना करायचा आहे. सुश्रुत भग्नाचे दोन मोठे वर्ग करतो : सांधा निखळणे आणि हाड मोडणे. पहिल्याचे सहा, दुसऱ्याचे बारा प्रकार. उपचाराचे टप्पे स्पष्ट आहेत : ओढणे, दाबणे, जुळवणे आणि बांधणे. बांधण्यासाठी ज्या झाडांच्या साली व कांबी सांगितल्या आहेत त्यांत मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वेळू आणि वड आहेत. भंडाऱ्याच्या रानात फिरलेल्या कोणालाही ही यादी परिचित वाटेल. विशिष्ट अस्थिभंगांसाठी रुग्णाला फळीवर निजवून खुंट्यांच्या आधाराने स्थिर ठेवण्याची रीतही त्यात आहे. तिचे नाव कपाटशयन.

८/२४
ग्रंथांतले हे ज्ञान गावात संस्कृतातून आले नाही. गावाकडे स्वतःचे हात होते आणि स्वतःचे शब्दही. ‘उसण भरणे’, ‘चमक निघणे’, ‘कंबर धरणे’ : मराठीत पाठीच्या दुखण्याला किती नेमकी क्रियापदे आहेत! उसण भरलेल्या माणसाच्या पाठीला पायाळू व्यक्तीने, म्हणजे जन्मताना जिचे पाय आधी बाहेर आले अशा व्यक्तीने, हलकेच पाय लावला की उसण जाते अशी समजूत महाराष्ट्रात सर्वदूर आहे. तिला वैद्यकीय आधार नाही. बहुतेक उसणी काही दिवसांत आपोआप ओसरतात आणि श्रेय पायाळूला मिळते. तरी पाठीवर दाब देऊन दुखणे घालवता येते, ही कल्पना किती सहजपणे लोकमानसात वसली होती, हे त्यातून दिसते.

९/२४
स्त्रियांच्या वाट्याला पद्धतशीर मालिश आयुष्यात ठरावीक वेळीच येई : बाळंतपणानंतर. सुईण किंवा घरातली जाणती बाई बाळंतिणीच्या अंगाला तेल लावी, कंबर चोळी, शेक-शेगडी करी, पोट बांधी. सव्वा महिना शरीराला विश्रांती हवी, ही समज परंपरेने पक्की केली होती. मजूर बाईला ते दिवस अनेकदा पुरे मिळत नसत, पण निदान हक्काची कल्पना होती. रोवणीसाठी अशी कल्पनाच निर्माण झाली नाही. सरी पुढे जावी, शीण विसरावा म्हणून बायांनी गाणी म्हटली. सामूहिक लय श्वासाला आणि हाताला वळण देई, मनाचा भार हलका करी. ताण कमी करण्याचा तो त्यांचा स्वतःचा, विनामूल्य उपाय होता.

१०/२४
पुरुषांच्या शरीरासाठी गावागावांत वेगळी संस्था उभी होती, ती म्हणजे तालीम. तांबड्या मातीत तेल, ताक, हळद घालून केलेला हौदा, दंड-बैठका, जोडीने एकमेकांच्या अंगाची मालिश. कुस्तीत सांधा निखळणे नित्याचे असल्याने वस्तादाला हाड बसवण्याचे ज्ञान आपोआपच येई. पेशवाईच्या उत्तरार्धात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने ती विद्या दूरवर नेली. तालमीत व्यायाम आणि उपचार या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्या. जो हात डाव शिकवी, तोच हात निखळलेला खांदा बसवी.

११/२४
या परंपरेचा सर्वांत आधुनिक चेहरा बडोद्यात दिसला. सयाजीराव गायकवाडांच्या त्या मराठी संस्थानात राजरत्न प्रा. माणिकराव यांनी आपले गुरू जुम्मादादा यांच्या नावाने व्यायाममंदिर चालवले. त्यांनी सांघिक कवायतीला देशी आज्ञांचे रूप दिले, शेकडो तरुण घडवले, आणि हाडवैद्य म्हणूनही त्यांची ख्याती पसरली. निखळलेले सांधे आणि अवघडलेल्या पाठी घेऊन लोक त्यांच्याकडे येत. १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा एक तरुण त्यांच्याकडे शिकला. हेच पुढचे स्वामी कुवलयानंद. त्यांची भेट लोणावळ्यात होईल.

१२/२४
माणिकराव घडत होते त्याच काळात पाश्चात्त्य देशांतही हाडवैद्यांचे दिवस पालटत होते. इंग्लंडमध्ये पिढीजात हाडवैद्य गावोगाव होते आणि पदवीधर डॉक्टर त्यांना भोंदू म्हणत. १८६७ मध्ये नामवंत शल्यवैद्य सर जेम्स पॅजेट यांनी आपल्या सहव्यावसायिकांना उद्देशून हाडवैद्य बऱ्या करीत असलेल्या रुग्णांवर एक व्याख्यान प्रसिद्ध केले. त्यांचा आशय असा की, या लोकांच्या चुका टाळा, पण त्यांच्याकडून जे चांगले आहे ते शिका. काही वर्षांत अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी ऑस्टिओपॅथीची कल्पना मांडली आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यात तिचे विद्यालय काढले. हाताने हाड बसवण्याची जुनी कला आता सिद्धान्ताचा पोशाख चढवत होती.

१३/२४
१८ सप्टेंबर १८९५. आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट या गावी डॅनियल डेव्हिड पामर हे चुंबकीय उपचार करणारे गृहस्थ होते. त्यांच्या इमारतीत झाडलोट करणारा हार्वे लिलार्ड हा कृष्णवर्णीय सेवक कानाने बहिरा झाला होता. पामर यांच्या कथनानुसार १७ वर्षांपूर्वी अवघडलेल्या जागी वाकून जोर लावताना लिलार्डच्या पाठीत काहीतरी सटकले आणि ऐकू येणे गेले. पामर यांनी त्याचा एक मणका दाबून बसवला आणि श्रवण परतले, असा दावा केला. ‘कायरोप्रॅक्टिक’चा जन्म येथे मानला जातो. ग्रीक भाषेतून घेतलेल्या या नावाचा अर्थ ‘हाताने केलेली क्रिया’. या शास्त्राचा पहिला रुग्ण वाकून राबणारा कामगार होता, ही बाब सहसा नजरेआड होते.

१४/२४
पामर येथे थांबले असते तर ते एक कुशल हाडवैद्य ठरले असते. त्यांनी पुढचे पाऊल टाकले : बहुतेक सर्व रोगांचे मूळ जागेवरून सरकलेल्या मणक्यांत आहे, असे सांगितले. श्रवणाची चेता मानेच्या मणक्यांतून जातच नाही, हा साधा आक्षेपही त्यांना थांबवू शकला नाही. १८९७ मध्ये त्यांनी विद्यालय काढले. १९०६ मध्ये विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल ते तुरुंगात गेले. मणके बसवणारे आपण पहिले नाही, हे त्यांनी स्वतःच्या ग्रंथात मान्य केले होते. पाठदुखीवर हाताचा उपचार उपयोगी पडतो, हा अनुभव आणि सर्व रोग मणक्यातून उद्भवतात, हा सिद्धान्त या दोन भिन्न गोष्टी आहेत. आजही त्यांची सरमिसळ होते.

१५/२४
मग एक हाडवैद्य जगभर व्यवसाय झाला आणि दुसरा गावातच का राहिला? उत्तर हातांच्या कौशल्यात सापडत नाही, ते संस्थांत सापडते. कायरोप्रॅक्टिकने विद्यालये काढली, पदव्या दिल्या, संघटना उभारल्या. १९१३ मध्ये कॅन्सस राज्याने परवान्याचा कायदा केला आणि १९७४ मध्ये लुइझियानाने केला, तेव्हा अमेरिकेतील सर्व राज्ये पूर्ण झाली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या बहिष्काराविरुद्ध १९७६ मध्ये दाखल झालेला खटला कायरोप्रॅक्टरांनी १९८७ मध्ये जिंकला. आपल्याकडे हाडवैद्याची विद्या बापाकडून मुलाकडे किंवा वस्तादाकडून पठ्ठ्याकडे जात राहिली. तिची परीक्षा झाली नाही, म्हणून तिच्यातले खरे आणि खोटे वेगळे झाले नाही.

१६/२४
भारतातली ऊर्जा त्या काळी दुसऱ्या दिशेने वाहत होती. परकीय सत्तेने ‘दुबळा’ ठरवलेल्या देशी शरीराला बलवान करणे हे राष्ट्रकार्य बनले होते. विदर्भात अमरावती येथे १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला. तोच आजचा श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. येथील पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मल्लखांब, लेझीम आणि कबड्डीची प्रात्यक्षिके सादर केली. बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत दहा खंडांत सिद्ध केला. व्यायाम आता तालमीतून शाळेत, मातीतून छापील पानावर आला. त्याचा नवा वाचक लेखणी धरणारा होता.

१७/२४
या नव्या वाचकाचा सर्वांत उत्साही मार्गदर्शक होता एक राजा. औंधचे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी तरुणपणी जर्मन मल्ल युजीन सँडो यांच्या पद्धतीने उपकरणांवर व्यायाम करीत. पुढे मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि मग जन्मभर त्याचे प्रचारक राहिले. आपल्या संस्थानातील शाळांत त्यांनी तो लागू केला, पुस्तक लिहिले, प्रात्यक्षिके दिली. लंडनची पत्रकार लुईझ मॉर्गन हिने त्यांची पद्धत इंग्रजी वाचकांसाठी संपादित केली आणि १९३८ मध्ये ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ प्रसिद्ध झाले. उपकरण नको, जागा थोडी, वेळ थोडा, रोज नेमाने : निरोगी सवयींचे आजचे सारे व्याकरण या पुस्तकात आहे.

१८/२४
सूर्यनमस्काराचे मर्म त्याच्या आलटून-पालटून येणाऱ्या स्थितींत आहे. कणा पुढे वाकतो, मग मागे वळतो, श्वास त्याला जोडलेला असतो. दिवसभर बैठकीवर राहणाऱ्या कारकुनाला, विद्यार्थ्याला, शिक्षकाला याचा लाभ उघड आहे. परंतु जी व्यक्ती आधीच दिवसभर पुढे वाकलेली आहे, तिने आणखी किती वाकावे? तिला गरज असते ती उलट दिशेच्या हालचालीची, उताणे पडण्याची, मध्येच थांबण्याची. सर्वांसाठी एकच व्यायाम सांगणाऱ्या त्या युगाने हा भेद फारसा केला नाही. व्यायाम म्हणजे शरीराला अधिक काम देणे, ही समजूत पांढरपेशा वर्गाची होती, कारण त्या वर्गाच्या शरीराला कामच कमी होते.

१९/२४
लोणावळ्यात कुवलयानंदांनी या उत्साहाला प्रयोगशाळेची शिस्त लावली. १९२४ मध्ये त्यांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. आसने आणि क्रिया करताना शरीराच्या आत काय घडते, हे त्यांनी क्ष-किरण चित्रांनी आणि दाब मोजणाऱ्या उपकरणांनी तपासले. नौली करताना पोटातील दाब कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवले. १९२७ मध्ये रक्तदाबाने त्रस्त झालेल्या गांधीजींनी त्यांचा सल्ला घेतला. वस्तादाच्या शिष्याने गुरूच्या विद्येला ‘दाखव’ म्हणण्याचे धाडस केले. पामर यांनी निष्कर्षावरून पुरावा शोधला, तर कुवलयानंदांनी क्रिया तपासून मग बोलण्याचा प्रयत्न केला.

२०/२४
गरिबाच्या शरीराचा प्रश्न थेट विचारला तो गांधीजींनी, भंडाऱ्यापासून फार दूर नसलेल्या सेवाग्रामात. तेथे त्यांनी कुष्ठरोगाने पीडित परचुरेशास्त्रींच्या अंगाला स्वतःच्या हातांनी मालिश केली. १९४२ ते १९४४ च्या कारावासात त्यांनी आरोग्यावर छोटे पुस्तक लिहिले. सुटकेनंतर पुण्यातील एका निसर्गोपचार केंद्रातून गरिबांची सेवा करण्याचा बेत त्यांनी आखला होता. मात्र शहरातील अशा केंद्रापर्यंत खेड्यातला गरीब पोहोचणारच नाही, ही आपली चूक त्यांनी जाहीरपणे मान्य केली आणि मार्च १९४६ मध्ये उरुळी कांचन गाठले. त्यांना स्वतःला तेथे फार काळ राहता आले नाही. पण उपचार रुग्णाच्या गावी गेला पाहिजे, हे सूत्र त्यांनी नेमके पकडले होते.

२१/२४
स्वातंत्र्यानंतर हे काम शास्त्रीय चौकटीत आले. अमेरिकेत जन्मलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले आणि त्याच दशकाच्या आरंभी तेथे फिजिओथेरपीचे शिक्षणही सुरू झाले. १९५६ मध्ये न्यूझीलंडच्या वेलिंग्टन शहरात रॉबिन मॅकेंझी या फिजिओथेरपिस्टचा एक रुग्ण चुकून पाठ मागे वळलेल्या स्थितीत पालथा पडून राहिला आणि त्याच्या वेदना उतरल्या. त्या योगायोगातून मॅकेंझी यांनी पुढे एक संपूर्ण पद्धत घडवली. ती स्थिती आपल्या भुजंगासनाला बरीच जवळची आहे. फरक इतकाच की, ही हालचाल कोणाला मानवते आणि कोणाला नाही, हे येथे रुग्णागणिक तपासले गेले.

२२/२४
आज या साऱ्या वादाचा हिशेब काय? २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकालीन कंबरदुखीवर पहिली मार्गदर्शक तत्त्वे दिली. समजावून सांगणे, व्यायाम, मानसिक आधार, तसेच मालिश आणि हाताने मणक्यांचे उपचार यांना त्यांत स्थान आहे. कमरेचे पट्टे आणि वजन लावून ओढणे यांची शिफारस नाही. मानेला जोराचा झटका दिल्याने क्वचित रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात होऊ शकतो, हेही लक्षात ठेवावे. भारतात फिजिओथेरपीला २०२१ च्या कायद्याची चौकट आहे, कायरोप्रॅक्टिकला तशी स्वतंत्र मान्यता नाही. पायातली शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मालिश न करता तत्काळ रुग्णालय गाठावे.

२३/२४
आता पुन्हा भंडाऱ्याची बांधी. इतिहासाने हाती दिलेल्या गोष्टी साध्या आहेत. वाग्भटाचे ‘निम्म्या शक्तीवर थांबा’, तालमीची मालिश, औंधचा नेम, लोणावळ्याची तपासणी, उरुळीची ‘गावात जा’ ही शिकवण. रोवणीच्या बाईसाठी त्यांचा अर्थ असा होतो : ठरावीक वेळाने सरळ उभे राहून पाठ मागे वळवण्याची मुभा, धुऱ्यावर दोन घटका आडवे होण्याची जागा, कामांची अदलाबदल, रात्रीची पुरी झोप आणि गावाजवळ फिजिओथेरपिस्ट. यांतील पहिल्या तीन गोष्टींना पैसे लागत नाहीत. मजुरीच्या हिशेबात मात्र थोडी सवड लागते, आणि ती सवड बाईच्या हातात नसते. रोवणी यंत्रे येऊ लागली आहेत. त्यांनी कंबर वाचेल, पण तिची मजुरी कशी वाचेल, हा पुढचा प्रश्न आहे.

२४/२४
निरोगी सवयींचा इतिहास सहसा ग्रंथकार, राजे, स्वामी आणि महात्मे यांच्या नावांनी सांगितला जातो. त्या नावांचे ऋण मोठे आहे. परंतु सवय लावून घेण्यासाठी आधी स्वतःचा वेळ असावा लागतो, आणि हा इतिहास मुख्यतः ज्यांच्याकडे तो होता त्यांचा आहे. खांदशेकणी घालणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट कोणत्याही ग्रंथाशिवाय समजली होती : ज्या खांद्यावर घर चालते, त्याचे दुखणे घराचे असते. वर्षातून एकदा का होईना, त्या खांद्याला हात लावून ते मान्य करावे लागते. भंडाऱ्याचा भात ज्या कमरांवर उभा राहिला, त्या कमरांसाठी हे मान्य करणारा दिवस पंचांगात अजून आलेला नाही.